चंद्रावर माणूस उतरवायचे बाकीचे प्लॅन काय होते, आणि सगळ्यात धोक्याचा वाटणाराच का निवडला?

निशाचर_सांगली

मंडळी एक शंका आहे, बरेच दिवस डोक्यात घोळतीय. अपोलो कसं गेलं ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं, मोठं यान चंद्राभोवती फिरत राहतं, त्यातनं लँडर सुटतो, दोघं खाली जातात, तिसरा वर थांबतो, मग ते दोघं वर येऊन परत त्याला जोडले जातात आणि घरी. पण राष्ट्राध्यक्ष केनेडींनी २५ मे १९६१ ला हे दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवायची घोषणा केली तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं असं वाचलं. त्यांच्याकडे तेव्हा अनुभव किती, तर शेपर्डचं १५ मिनिटांचं एक उड्डाण, ते पण कक्षेत न जाता. मग असं असताना चंद्राजवळ, पृथ्वीपासून पावणेचार लाख किमी लांब, दोन यानं एकमेकांना शोधून जोडायची हा विचार कुणाला सुचला आणि बाकीच्यांनी तो मान्य तरी कसा केला? सरळ एक मोठं रॉकेट घ्यायचं, उतरायचं, उडायचं, परत यायचं, हे सोपं नव्हतं का? दुसरे कुठले पर्याय टेबलावर होते? आणि हे सगळं एकाच इंजिनिअरने पत्र लिहून बदललं असं म्हणतात ते कितपत खरं? ज्यांना माहितीय त्यांनी सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

अवकाशवेडा

छान प्रश्न, माझा एकदम आवडता विषय आहे त्यामुळे लांब होणारच.

तुम्ही म्हणताय ती सरळ जायची पद्धत हीच सगळ्यांच्या डोक्यात पहिली होती. तिला डायरेक्ट असेंट म्हणायचे. एक अवाढव्य रॉकेट, नाव नोव्हा, खालच्या टप्प्यात आठ एफ-१ इंजिनं (अपोलोला घेऊन गेलेल्या सॅटर्न ५ रॉकेटमध्ये पाच होती, आणि पाच असूनही ते ११० मीटर उंच झालं, म्हणजे विचार करा). हे रॉकेट अख्खं यान चंद्रावर नेणार, यान शेपटीवर उभं राहणार, मग त्यातलाच वरचा भाग उडून थेट पृथ्वीकडे. जोडाजोडी काही नाही. ऐकायला सोपं आहे पण नोव्हा कागदावरच होता, आणि तो बांधायला, त्याची चाचणी घ्यायला कारखाने, लाँचपॅड सगळं नव्यानं उभं करायला लागलं असतं, १९६९ संपायच्या आत ते होणं फार अवघड होतं.

दुसरी पद्धत अर्थ ऑर्बिट राँदेव्हू, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेत यानांची भेट. तेच मोठं यान, पण एका रॉकेटने न पाठवता पृथ्वीच्या कक्षेत तुकड्यातुकड्याने न्यायचं, तिथे जोडायचं किंवा इंधन भरायचं आणि मग चंद्राकडे निघायचं. ही रॉकेटवाला फॉन ब्राउन आणि त्याच्या हंट्सव्हिलच्या मार्शल सेंटरची (नासाचं रॉकेट बनवणारं केंद्र) लाडकी पद्धत. सॅटर्न ५ तयार झालं की दोन उड्डाणांत भागणार होतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, या दोन्ही पद्धतींत चंद्रावर उतरणारं यान तेच, अवाढव्य. आणि अडचण तिथेच होती. अंतराळवीर शंकूच्या आकाराच्या कमांड मॉड्यूलमध्ये पाठीवर झोपलेले, तोंड आकाशाकडे, पायाखाली कित्येक फूट उंचीच्या टाक्या आणि इंजिन, आणि त्यांनी ते खड्ड्याखड्ड्यांच्या जमिनीवर अलगद उभं करायचं. खालचं दिसणार कसं? आरसे लावा, पेरिस्कोप लावा, टीव्ही कॅमेरे लावा असले उपाय सुचवले गेले. एकही धड पटत नव्हता.

तिसरी म्हणजे लूनर ऑर्बिट राँदेव्हू, चंद्राच्या कक्षेत भेट, जी शेवटी झाली. हिची गंमत ट्रेकवाल्यांना लगेच कळेल. राजगड चढताना आपण सगळं सामान गुंजवण्यात एखाद्या घरी ठेवतो, वर फक्त पाणी आणि डबा नेतो. पृथ्वीच्या वातावरणात शिरायला लागणारी हीटशील्ड, पॅराशूट, परतीचं इंधन, यातलं चंद्राच्या जमिनीवर कशाचाही उपयोग नाही, मग ते खाली न्यायचं कशाला. वर कक्षेत ठेवा.

आता एकदा लँडर वेगळा झाला की तो फक्त चंद्रासाठी बनवता येतो. हवा नाही म्हणून आकार कसाही चालतो, भिंती काही ठिकाणी जाड कागदाएवढ्या पातळ. ग्रमन कंपनीने तर वजन वाचवायला खुर्च्याच काढून टाकल्या. उभं राहिलं की डोळा काचेच्या जवळ येतो, मग मोठ्या खिडक्या लागत नाहीत, दोन छोट्या त्रिकोणी पुरल्या आणि त्यातनं खालची जमीन थेट दिसायची. आर्मस्ट्राँगला शेवटच्या क्षणी समोर मोठमोठे दगड दिसले आणि तो यान पुढे घेऊन गेला ना, ते त्याच खिडकीतनं बघून. पाठीवर झोपून हे जमलं असतं का सांगा.

गणितप्रेमी_ठाणे

वरच्या उत्तरात थोडे आकडे घालतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

चंद्राच्या कक्षेतून खाली उतरायला वेगात साधारण २ किमी प्रति सेकंद बदल करावा लागतो आणि परत वर यायला जवळपास तेवढाच. तेव्हाच्या भरवशाच्या इंधनात धुराचा वेग ३ किमी प्रति सेकंदाच्या आसपास. त्सिओल्कोव्स्कीच्या रॉकेटच्या सूत्रात हे टाकलं तर खाली नेऊन परत वर आणायच्या दर १ किलोमागे कक्षेत साडेतीन किलोच्या वर वजन लागतं. म्हणजे अडीच किलोहून जास्त नुसतं इंधन, टाक्या आणि पाय यात धरलेले नाहीत.

आता कमांड मॉड्यूल साधारण साडेपाच टनांचं. ते खाली नेऊन वर आणायचं तर फक्त त्या शंकूसाठीच १४ टनांच्या आसपास इंधन. अपोलो ११ चा ईगल लँडर इंधनासकट १५ टनांचा होता! म्हणजे नुसता शंकू खालीवर करायला जेवढं इंधन लागलं असतं तेवढ्यात जवळजवळ अख्खा लँडर बसतो. आणि शंकू एकटा थोडाच जाणार, त्याच्यामागचं सर्व्हिस मॉड्यूल (मोठं इंजिन, ऑक्सिजनच्या टाक्या असलेला भाग) आणि परतीचं इंधनही बरोबर उतरवायला लागणार, ते धरलं की हिशोब कुठच्या कुठे जातो.

याला परत पृथ्वीकडून गुणा. सॅटर्न ५ उड्डाणाच्या वेळी २९०० टनांच्या वर, त्यातले चंद्राकडे जाणारे सुमारे ४५ टन. म्हणजे चंद्राकडे १ किलो पाठवायला जमिनीवर ६५ किलोचं रॉकेट. तिकडे वाचवलेला प्रत्येक टन इकडे ६५ टन वाचवतो, म्हणून एका सॅटर्न ५ मध्ये काम झालं आणि नोव्हाची गरजच उरली नाही.

जुनं_वाचन

बाकीचे पर्याय विचारलेत म्हणून. वरच्या तीनच नाहीत, यादी बरीच लांब आहे आणि काही प्रस्ताव वाचून आजही काळजात धस्स होतं.

१९३९ मध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या हौशी मंडळींनी चंद्रयानाचा आराखडा छापला होता, तीन माणसं, घन इंधनाच्या शेकडो नळ्या एकत्र बांधलेलं रॉकेट, वापरलेल्या नळ्या गळून पडत जाणार. पैसे नाहीत, सरकार मागे नाही, पण उतरायचं कसं, परत यायचं कसं याचा विचार त्यांनी मनापासून केलेला. मग १९५२ मध्ये फॉन ब्राउनने कॉलिअर्स मासिकात मांडलेली मोहीम, अंतराळ स्थानकाजवळ जोडलेली तीन मोठी यानं, ५० माणसं, सहा आठवडे मुक्काम! त्याच्या डोक्यात अंटार्क्टिकावर जातात तशी मोहीम होती, झेंडा लावून परत यायचं हे नव्हतंच.

१९५९ मध्ये अमेरिकन आर्मीचं प्रोजेक्ट होरायझन. चंद्रावर सैनिकी तळ, १२ माणसं, १९६६ पर्यंत, आणि त्यासाठी सॅटर्नची सुमारे दीडशे उड्डाणं. एअरफोर्सचा वेगळा, लूनेक्स नावाचा, तो डायरेक्ट असेंटचा.

केनेडींच्या घोषणेनंतर कॅलिफोर्नियाच्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेने सांगितलं की चंद्राच्या जमिनीवरच भेटूया. आधी बिनमाणसांची यानं इंधन आणि सामान घेऊन एकाच जागी उतरवायची, मग माणसाचं यान त्यांच्या शेजारी उतरणार, तिथे टाकी भरून परत निघणार. पण यासाठी चार-पाच यानं एकमेकांच्या अगदी जवळ नेमकी उतरायला हवीत, आणि तोवर तर अलगद उतरलेलं एकही यान जगात नव्हतं.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे १९६२ चा बेल कंपनीतल्या दोन इंजिनिअरांचा एकतर्फी प्रवासाचा प्रस्ताव. एक माणूस चंद्रावर सोडायचा, परतीचं यान तयार नाही, ते होईपर्यंत त्याला मालवाहू रॉकेटने खाणं, पाणी, हवा पाठवत राहायचं आणि मग दोन-तीन वर्षांनी कधीतरी आणायचं. रशियाच्या आधी पोचायचं एवढा एकच विचार. हे त्यांनी परिषदेत रीतसर मांडलं होतं, आणि नासाने तो मार्ग धरला नाही ते फार बरं झालं.

निशाचर_सांगली

बाप रे, एकतर्फी वालं माहीतच नव्हतं. त्या एकट्या माणसाच्या घरच्यांचं काय झालं असतं याचा कुणी विचार केला होता की नाही देव जाणे.

गणितप्रेमी साहेब आकडे एकदम पटले. पण अजून दोन गोष्टी. एक, वर येऊन डॉकिंग, म्हणजे यानांची जोडणी, झालंच नाही तर? पृथ्वीच्या कक्षेत फसलं तर निदान खाली परत येता येतं, तिथे फसलं तर संपलंच. आणि दोन, ते पत्राचं खरं काय?

अवकाशवेडा

पहिला प्रश्न तेव्हा अगदी असाच विचारला जायचा, नासाच्या आतसुद्धा. पण नीट बघितलं तर सगळ्यात मोठा धोका उतरण्यात होता. उंच जड यान उतरवताना कलंडलं तर राँदेव्हू पृथ्वीजवळ केलं काय नि कुठे केलं काय, माणसं गेलीच. लहान लँडरने तो मोठा धोका कमी होतो आणि बदल्यात डॉकिंगचा धोका येतो. आणि डॉकिंगमध्ये दोन्ही यानं स्वतःहून हलू शकतात, लँडर कमी पडला तर वरचा माणूस मोठं यान खाली आणून त्याला गाठू शकतो, अपोलो ११ मध्ये वर थांबलेल्या कॉलिन्सने याची भरपूर तयारी केली होती. शिवाय डॉकिंगचा सराव पृथ्वीजवळ करता येतो, अपोलोच्या आधीच्या जेमिनी मोहिमा त्यासाठीच होत्या. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ आणि ७ जवळ आली, १६ मार्च १९६६ ला आर्मस्ट्राँग आणि स्कॉटने जेमिनी ८ मधून पहिलं डॉकिंग केलं. डायरेक्ट लँडिंगचा सराव कुठे करणार?

एप्रिल १९७० चं अपोलो १३ पण आठवा. सर्व्हिस मॉड्यूलमध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघंही लँडरच्या जोरावर जिवंत परत आले. एकच यान असतं तर जायला दुसरी जागाच नव्हती.

आता पत्र. जॉन हूबोल्ट, व्हर्जिनियातल्या लँगली सेंटरचा इंजिनिअर. डिसेंबर १९६० पासून तो प्रत्येक बैठकीत हे मांडत होता आणि लोक उडवून लावत होते. मॅक्स फॅजे, ज्याने मर्क्युरीची, म्हणजे शेपर्ड गेला त्या यानाची कुपी डिझाइन केली तो एवढा मोठा माणूस, भर बैठकीत म्हणाला की याचे आकडे खोटं बोलतात. हूबोल्टचे वजनाचे सुरुवातीचे अंदाज जरा जास्तच आशावादी होते हेही खरंय, प्रत्यक्षातला लँडर त्याच्या अंदाजापेक्षा बराच जड निघाला. पण मुद्दा पक्का होता. एकामागून एक समित्या बसल्या, त्यात हा पर्याय एकतर शेवटी टाकलेला नाहीतर धरलेलाच नाही. शेवटी १५ नोव्हेंबर १९६१ ला त्याने सगळे साहेब ओलांडून नासाचे नंबर दोन-तीनचे अधिकारी रॉबर्ट सीमन्स यांना नऊ पानी पत्र लिहिलं. त्यात सरळ विचारलं, आपल्याला चंद्रावर जायचंय की नाही? सरकारी खात्यात असं थेट वरच्या साहेबांना पत्र लिहिणं म्हणजे नोकरी पणाला लावणं, आणि त्याने ते केलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

सीमन्सने ते फेकून दिलं नाही, खाली अभ्यासाला पाठवलं, हे श्रेय त्यांचं. १९६२ च्या सुरुवातीला नासाचे ह्यूस्टनवाले, म्हणजे माणसांच्या यानाचं काम बघणारे, वळले, कारण लँडर कसा उतरवायचा या प्रश्नाशी झगडत तेच होते. आणि ७ जून १९६२ ला हंट्सव्हिलमध्ये दिवसभर सादरीकरणं झाल्यावर फॉन ब्राउन उठला आणि आपल्याच लोकांसमोर म्हणाला की आपण चंद्रकक्षेची पद्धत घ्यावी. त्याच्या माणसांना धक्का बसला, कारण अर्थ ऑर्बिट म्हणजे मार्शलला जास्त रॉकेटं, जास्त काम. ११ जुलै १९६२ ला नासाने जाहीर केलं.

पुरावा_दाखवा

एक भर आणि एक मतभेद.

भर अशी की कल्पना हूबोल्टची एकट्याची नाही. लँगलीतच विल्यम मायकेलने १९६० मध्ये चंद्राभोवती यान ठेवून वजन किती वाचतं ते लिहिलं होतं, विमानं बनवणाऱ्या व्हॉट कंपनीत टॉम डोलन यावर काम करत होता. आणि त्याच्या कितीतरी आधी युरी कोंद्रात्युक, युक्रेनमध्ये जन्मलेला, पहिल्या महायुद्धाच्या काळात वहीत लिहीत होता की मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा आणि लहान भाग खाली पाठवा. १९२९ मध्ये त्याने नोव्होसिबिर्स्कला स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं. रशियन यादवीत तो चुकीच्या बाजूच्या सैन्यात भरती झालेला म्हणून खऱ्या नावाने जगताच येत नव्हतं, दुसऱ्याची कागदपत्रं घेऊन आयुष्य काढलं आणि दुसऱ्या महायुद्धात गेला. तेव्हा हूबोल्टचं मोठेपण कल्पना सुचण्यात नाही, ती लावून धरण्यात आहे.

मतभेद असा की ही पद्धत जिंकली ती १९६९ च्या मुदतीमुळे. मुदत काढून टाका आणि मग बघा. पृथ्वीच्या कक्षेत जोडणी आणि इंधन भरणी शिकलो असतो तर ती सोय पुढे मंगळालाही कामी आली असती. केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वाइजनर शेवटपर्यंत विरोधात होते, ११ सप्टेंबर १९६२ ला हंट्सव्हिलमध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर, पत्रकार ऐकत असताना त्यांची आणि नासावाल्यांची जुंपली होती. अपोलोने काम फत्ते केलं, पण डिसेंबर १९७२ नंतर मागे काय उरलं? एकदाच वापरायचं रॉकेट आणि एकदाच वापरायचा लँडर. मला वाटतं आपण इतकं कौतुक करतो की ही बाजू विसरतो.

अवकाशवेडा

मुद्दा चांगलाय, पण मुदत काढली असती तर पैसेही काढून घेतले असते असं मला वाटतं. १९६६ नंतर नासाचं बजेट उतरणीला लागलंच होतं. १९७५ पर्यंत हळूहळू जाऊ म्हणाले असते तर पोचलेच नसते.

आणि पद्धत ठरायच्या आधीच काम सुरू झालं होतं त्याची खूण यानावर शिल्लक आहे, ही गोष्ट मला फार भारी वाटते. कमांड आणि सर्व्हिस मॉड्यूलचं कंत्राट नॉर्थ अमेरिकन कंपनीला नोव्हेंबर १९६१ मध्येच मिळालं, म्हणजे हूबोल्टचं पत्र पोचून जेमतेम दोन आठवडे. तेव्हा समज अशी की हेच यान चंद्रावरनं उडणार. म्हणून सर्व्हिस मॉड्यूलच्या मागचं ते घंटेसारखं मोठं इंजिन चंद्राच्या जमिनीवरनं उचलायच्या हिशोबाने केलं. नंतर पद्धत बदलली, इंजिन तसंच राहिलं, गरजेच्या जवळपास दुप्पट ताकदीचं. आणि पहिल्या आवृत्तीच्या कमांड मॉड्यूलला डॉकिंगची सोयच नव्हती, ती ब्लॉक दोन या पुढच्या आवृत्तीत आली.

बैकनूर_ते_बारामती

रशियाचं राहिलंय कुणाचं लिहायचं, लिहितो.

त्यांनी पण शेवटी चंद्रकक्षेचीच पद्धत घेतली, एन-१ रॉकेट, पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं. पण एन-१ ची वजन वाहून न्यायची क्षमता सॅटर्न ५ पेक्षा कमी, त्यामुळे वजनाची काटकसर अजून क्रूर. दोघंच जाणार, एक वर राहणार, लँडरमध्ये एकटा. आणि दोन यानांमध्ये आतनं जायला बोगदाच नाही! त्या एकट्याने स्पेससूट घालून बाहेरनं, उघड्या अवकाशातनं एका यानातून दुसऱ्यात जायचं, उतरायच्या आधी एकदा आणि दगडमाती घेऊन परत आल्यावर दमलेल्या अवस्थेत परत एकदा. अंतराळवीर लिओनोव्ह याची तयारी करत होता.

तिकडे दुसरा रॉकेट डिझायनर चेलोमेई वेगळाच, तो यूआर-७०० नावाचं रॉकेट घेऊन डायरेक्ट जायचं म्हणत होता, म्हणजे अमेरिकेत बैठकांमध्ये मिटलेलं भांडण तिथे वर्षानुवर्षं चालू राहिलं. जानेवारी १९६६ मध्ये एन-१ चा मुख्य डिझायनर कोरोलेव्ह गेला. एन-१ चारदा उडवलं, चारही वेळा फसलं, ३ जुलै १९६९ ला तर लाँचपॅडच उद्ध्वस्त झाला, अपोलो ११ निघायच्या दोन आठवडे आधी. वाईट याचं वाटतं की लँडर चांगला होता, १९७० आणि ७१ मध्ये पृथ्वीच्या कक्षेत माणसाशिवाय चाचण्या झाल्या, नीट चालला.

मी_मुंबईकर_तारे

वाचून मजा आली, सगळ्यांनी मनापासून लिहिलंय. मग आता चांद्रयान ४ मध्ये माती आणायचीय तर इस्रो यातली कुठली पद्धत वापरणार?

गणितप्रेमी_ठाणे

दोन्ही वापरणार. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या प्लॅनप्रमाणे पाच भाग आहेत, दोन एलव्हीएम-३ रॉकेटने वर जाणार, पृथ्वीच्या कक्षेत जोडले जाणार. मग चंद्रावरनं वर आलेला भाग चंद्राच्या कक्षेत थांबलेल्या यानाला माती देणार. कारण तेच जुनं, आपल्याकडे सॅटर्न ५ एवढं रॉकेट नाही. इस्रोच्या स्पेडेक्स प्रयोगातलं १६ जानेवारी २०२५ चं डॉकिंग याचाच पाया, आपली जेमिनी म्हणा. चीनचा माणसं पाठवायचा प्लॅनही दोन रॉकेटं आणि चंद्राच्या कक्षेत डॉकिंग असाच आहे, आणि नासाने २०२१ मध्ये निवडलेल्या स्पेसएक्सच्या स्टारशिप लँडरला तर पृथ्वीच्या कक्षेत टँकरने इंधन भरावं लागणार, म्हणजे पुरावा_दाखवा यांना हवी ती गोष्ट शेवटी होतेय.

डायरेक्ट पण होऊन गेलंय बरं का, माणसाशिवाय. सप्टेंबर १९७० मध्ये रशियाचं लूना १६ उतरलं, माती भरली आणि वरचा भाग कुठेही न थांबता, जोडाजोडी न करता सरळ पृथ्वीकडे निघून कझाकस्तानात पडला. माती आली १०१ ग्रॅम. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग'ई ५ ने चंद्राच्या कक्षेत डॉकिंग करून आणली १७३१ ग्रॅम.